डिस्क्रीट मॅथ्स: वाचताना सगळं कळतं, सोडवायला बसलं की हात चालत नाही

शून्यापासून
नमस्कार मंडळी. एरवी मी रोमात असते, म्हणजे नुसती वाचते, लिहीत नाही, पण आता पाणी गळ्याशी आलंय म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कॉमर्स करून दहा वर्षं नोकरी झाली, त्यात इकडचं तिकडचं शिकून थोडंफार कोडिंग करायला लागले आणि मग हौसेने कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीला नाव घातलं. प्रोग्रॅमिंगचा पेपर जमतोय. डिस्क्रीट मॅथ्सने मात्र घाम फोडलाय. लॉजिक, सेट्स, इंडक्शन, काउंटिंग, ग्राफ, सगळं एकाच सत्रात. आणि वाचताना कळतं हो! सोडवलेलं उदाहरण वाचलं की वाटतं, हात्तिच्या, एवढंच होय. पान उलटून पहिला प्रश्न बघितला की कोरा कागद आणि कोरं डोकं. शाळेत निदान सूत्र तरी असायचं, किमती घाला आणि उत्तर काढा. इथे उत्तर आधीच छापलेलं असतं आणि खाली लिहितात 'सिद्ध करा'. अहो पण सुरुवात कुठून करू?

कालपासून यावर अडकलेय: खोलीत एन माणसं आहेत, काहींची एकमेकांशी ओळख आहे, ओळख दोन्ही बाजूंनी असते. सिद्ध करा की किमान दोन माणसं अशी सापडतीलच ज्यांच्या खोलीतल्या ओळखींची संख्या सारखी आहे.

मला सुचलं ते एवढंच, की प्रत्येकाच्या ओळखी ० ते एन-१ असू शकतात, म्हणजे एन शक्यता आणि माणसंही एनच. एन कबुतरं, एन खुराडी, प्रत्येकाला आपापलं घर. कबुतरं खुराड्यांपेक्षा जास्त असली तरच एका खुराड्यात दोन येणार, हा पिजनहोलचा नियम इथे लागतच नाही. मग पुढे काय? उत्तर सांगू नका प्लीज, विचार कसा करायचा ते सांगा.

दुसरी तक्रार इंडक्शनबद्दल, म्हणजे विधान आधी पहिल्या संख्येसाठी दाखवायचं आणि मग के वरून के+१ वर जायचं, ती पद्धत. जे सिद्ध करायचं तेच 'के साठी खरं आहे असं मानू' म्हणून आधीच खिशात घालायचं, ही सरळसरळ चीटिंग नाही का?

बिट्टू
शेवटच्या बाकावरून +१. मागच्या सत्रात याच विषयात गचकलो होतो, आता पुन्हा देतोय. धागा वाचत बसतो.

जुनाखोड
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, एकदाही कोणी 'सिद्ध करा' म्हणून समोर उभं राहिलं नाही. पास होण्यापुरतं पाठ करा, पुढे जा. ताकद डेटाबेस आणि नेटवर्कवर लावा.

निशा_के
जुनाखोड, सपशेल असहमत. माझीच फजिती सांगते. एका ठिकाणी रेकॉर्ड्सना छोटा आयडी हवा होता, मी बिनधास्त ३२ बिटचा हॅश (माहितीवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) वापरला. हिशोब असा केला की ४२९ कोटी शक्यता आहेत आणि आपले रेकॉर्ड लाखभर, टक्कर व्हायला काय लॉटरी लागायचीय का. काही आठवड्यांत दोन वेगवेगळ्या ग्राहकांचा आयडी एक, एकाची माहिती दुसऱ्याला दिसायला लागली आणि रात्री फोन. हा तोच वाढदिवसाचा हिशोब होता जो मी कॉलेजात ऑप्शनला टाकला होता. २३ माणसं जमली की दोघांचा वाढदिवस एका दिवशी असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, कारण माणसं २३ असली तरी जोड्या २५३ होतात. तसंच ३२ बिटच्या हॅशमध्ये साधारण ७७ हजार रेकॉर्ड झाले की टक्कर होण्याची शक्यता ५० टक्के. लाख म्हणजे मी हद्द ओलांडूनच बसले होते. 'सिद्ध करा' म्हणून कोणी येत नाही हे खरं, 'हे असं का झालं' म्हणून मात्र येतात.

जुनाखोड
बरं, ही गोष्ट झोंबली. अर्धं विधान मागे घेतो. अर्धंच.

खडूफळा
हा विषय बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

शून्यापासून, तुम्ही जे लिहिलंय ना, एन कबुतरं आणि एन खुराडी, ती अर्ध्याहून जास्त वाट आहे. तुम्ही अडलात त्याचं कारण तुम्ही एन लिहून एनकडे बघत बसलात. एन दिसत नसतो. तीन माणसं काढा. ठिपके काढा, ओळख असेल तिथे रेघ मारा. आता मुद्दाम प्रयत्न करा की तिघांच्या ओळखी वेगवेगळ्या याव्यात, म्हणजे एकाच्या ०, एकाच्या १, एकाच्या २. जमतंय का बघा. नाही जमलं तर नेमकं कोण कोणाच्या आड येतंय ते शब्दांत लिहा. मग चार माणसं घ्या. यापुढे मी काही बोलत नाही.

विद्यार्थी सोडवलेली सिद्धता वाचतात ती साफसूफ केलेली असते, सगळा कचरा केरात गेलेला असतो. लिहिणाऱ्याने आधी तीन-चार-पाच करून बघितलंय, दोनदा चुकलाय, आणि मग वर 'समजा' लिहून ऐटीत सुरुवात केलीय. ते 'समजा' शेवटी सुचलेलं असतं.

इंडक्शनबद्दल: तुम्ही कोडिंग करता म्हणालात. रिकर्सिव्ह फंक्शन, म्हणजे स्वतःलाच बोलावणारं, लिहिताना काय करता? यादी अर्धी करता, दोन्ही अर्ध्यांवर तेच फंक्शन बोलावता, आणि ते छोट्या यादीवर बरोबर चालतंय असं धरूनच पुढची ओळ लिहिता. तिथे चीटिंग वाटत नाही, कारण तळाला बेस केस, म्हणजे सगळ्यात छोट्या यादीचं थेट उत्तर, लिहिलेली असते. इंडक्शन हेच आहे. 'के साठी मानू' म्हणजे सगळ्यांसाठी मानलं असं नव्हे. 'के ला खरं असेल तर के+१ ला खरं' हा फक्त जिन्याच्या एका पायरीचा करार आहे. त्या कराराच्या जोडीला पहिली पायरी हातात नसेल तर सगळं हवेत.

बिट्टू
सर, मग हे बघा. विधान: सगळे घोडे एकाच रंगाचे असतात. एका घोड्याला खरंच, तो स्वतःच्याच रंगाचा असणार. आता समजा कुठल्याही के घोड्यांसाठी खरं आहे. के+१ घोडे घ्या. शेवटचा बाजूला काढा, उरलेले के एका रंगाचे. पहिला बाजूला काढा, उरलेले के तेही एका रंगाचे. मधले घोडे दोन्हीकडे आहेत म्हणून सगळे एका रंगाचे. बेस केस आहे, करारही आहे. तरी जगात काळे-पांढरे घोडे आहेतच. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? मला पेपरात आलं होतं आणि मी 'विधान खरे आहे' लिहून आलो.

रिकामटेकडा
'विधान खरे आहे' =)) =)) मेलो.

खडूफळा
बिट्टू, जुनं पण पक्कं कोडं आहे. उत्तर माहीत असलेल्यांनी गप्प बसा, हे शून्यापासून यांच्यासाठी राखून ठेवू.

निशा_के
मला सगळ्यात जास्त छळलं ते 'जर-तर'ने. 'जर' खोटं असेल तर अख्खं वाक्य खरं कसं? मग वर्गात कोणीतरी म्हणालं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. मिशा नाहीत तर बोलायचं कामच नाही, वाक्य खरं धरा. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

तर्कटी
निशाताई, म्हण छान आहे पण उदाहरण चुकलं. 'असत्या तर' हे घडलंच नाही अशा गोष्टीबद्दलचं बोलणं आहे. त्यात मिशा आणि काका यांचा काहीतरी संबंध आहे असं आपण धरतो. लॉजिकमधल्या जर-तरला संबंधाशी देणंघेणं नाही, तो फक्त दोन विधानांचे खरं-खोटं बघतो. 'आत्याबाईला मिशा आहेत तर ७ सम आहे' हेही तिथे खरंच.

निशा_के
पण परीक्षेत आठवलं ना? मग झालं तर. :)

खडूफळा
दोघांचंही बरोबर. मी ते वचनासारखं सांगतो. 'पाऊस पडला तर छत्री देईन.' पाऊस पडलाच नाही, तर छत्री दिली काय, नाही दिली काय, वचन मोडलं असं कोणी म्हणणार नाही. मोडतं फक्त एकाच वेळी, पाऊस पडला आणि छत्री दिली नाही तेव्हा. ज्यांना कोड जवळचं वाटतं त्यांनी पायथॉनमध्ये रिकाम्या लिस्टवर 'ऑल' चालवून बघा, 'ट्रू' येतं. 'एनी' चालवा, 'फॉल्स' येतं. या खोलीतले सगळे हत्ती उडतात हे खरं आहे, कारण न उडणारा एक हत्ती आणून दाखवा म्हटलं तर आणणार कुठून?

रिकामटेकडा
'किंवा' राहिलं. बायकोने विचारलं, आज येणार की उद्या? मी म्हटलं, हो. दोन दिवस अबोला.

तर्कटी
विनोद जुना आहे, पण मराठीत तो नीट बसत नाही, कारण आपल्याकडे 'की' आणि 'किंवा' वेगळे आहेत. 'की' म्हणजे दोन्हीपैकी एक निवडून सांग. 'किंवा' म्हणजे एक चालेल, दुसरं चालेल, बहुतेक वेळा दोन्हीही चालेल. लॉजिकमधलं 'ऑर' हे आपलं 'किंवा' आहे. घोळ होतो तो नकारात. 'सगळे पास झाले नाहीत', याचा अर्थ सांगा बरं.

बिट्टू
कोणीच पास झालं नाही.

शून्यापासून
मला वाटतं काही झाले, काही राहिले.

तर्कटी
बघा! बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर दोन्ही अर्थ निघतात. 'सगळे पास झाले' याचा नकार म्हणजे 'किमान एक नापास झाला', एवढंच. पूर्ण वर्ग बुडवायची गरज नाही. नकार आत ढकलला की 'सगळे'चं 'किमान एक' होतं आणि 'किमान एक'चं 'सगळे'. म्हणून मी सांगतो, प्रश्न मराठीत समजून घ्या, पण नकार काढायच्या आधी वाक्य चिन्हांत मांडा. आणि क्रम सांभाळा. 'प्रत्येक युजरसाठी एक पासवर्ड असतो' आणि 'एक पासवर्ड असतो जो प्रत्येक युजरला चालतो' यात शब्द जवळजवळ तेच आहेत, अर्थ मात्र पार वेगळा.

जुनाखोड
दुसरी पद्धत वापरणारी ऑफिसं मी स्वतः पाहिली आहेत. हलके घ्या.

मुक्तछंद
माझा गणिताशी छत्तीसचा आकडा, कवितेच्या गल्लीतून रस्ता चुकून आलोय. पण तुमचं खरं-खोटं, ०-१ वाचताना शाळेतलं 'यमाताराजभानसलगं' आठवलं. लघु आणि गुरू, दोनच चिन्हं. तीन अक्षरांचा एक गण, गण आठ. यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, असं एकेक अक्षर पुढे सरकत गेलं की दहा अक्षरांत आठही गण येतात. हे तुमच्या विषयात बसतं की उगाच लुडबुड करतोय?



खडूफळा
लुडबुड कसली, तुम्ही तर ग्राफ थिअरीचा, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणिताचा, आख्खा धडा आणून ठेवलात!

लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १ लिहा: ०१११०१०००१. तीन बिटांची आठही रूपं यात एकेकदाच येतात. शेवटचे 'लगं' हे ०१, आणि सुरुवातीचे 'यमा' तेही ०१. म्हणजे शेवटची दोन अक्षरं काढून टाका आणि उरलेली आठ गोल मांडा, वर्तुळात फिरत राहिलं तरी आठही गण मिळतात. याला आता डी ब्रॉइन सीक्वेन्स म्हणतात, डी ब्रॉइन यांचा त्यावरचा पेपर १९४६चा.

बनवायचा कसा, ते जास्त मजेचं आहे. चार ठिपके काढा: ००, ०१, १०, ११. कुठल्याही ठिपक्यावर उभं राहून पुढचं अक्षर ० किंवा १ घ्या, पहिलं अक्षर टाकून द्या, की नव्या ठिपक्यावर पोचता. म्हणजे प्रत्येक ठिपक्यातून दोन बाण बाहेर, दोन आत, एकूण आठ बाण. एक बाण म्हणजे एक गण. आता प्रश्न एवढाच की प्रत्येक बाणावरून एकदाच जाऊन परत मूळ जागी येता येईल का. हा गणिती ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेल्या सात पुलांच्या प्रश्नाचा (प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन फिरता येईल का) सख्खा भाऊ. तिथे चार भूभाग होते, एकाला पाच पूल आणि बाकी तिघांना तीन-तीन. ज्या जागी विषम पूल आहेत तिथे आत-बाहेरच्या जोड्या लागत नाहीत, आणि अशा जागा दोनपेक्षा जास्त, म्हणून फेरी अशक्य. इथे मात्र प्रत्येक ठिपक्यावर जितके बाण आत तितकेच बाहेर, आणि कुठूनही कुठे पोचता येतं, म्हणून फेरी होणारच.

मुक्तछंद
म्हणजे शाळेत आम्ही मार खाऊन पाठ केलं ते हे होतं!! आता अजून एक विचारतो. चार मात्रांच्या ओळीत लघु-गुरूंच्या रचना किती? मी मोजल्या, पाच आल्या.

निशा_के
एक मात्रेला १, दोनला २, तीनला ३, चारला ५, पाचला ८. ओळखीचे वाटतायत ना आकडे? ओळ एक तर लघूने संपेल किंवा गुरूने. लघूने संपली तर आधी एक मात्रा कमी, गुरूने संपली तर दोन कमी. म्हणून मागच्या दोघांची बेरीज. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांच्या संदर्भात हेच सांगितलंय, फिबोनाचीच्या सशांच्या आधी. मला रिकरन्स रिलेशन (पुढची संख्या मागच्यांवरून काढायचा नियम) या एका उदाहरणाने कळलं. 'शेवटचं अक्षर काय असू शकेल' हा प्रश्न विचारायची सवय लागली की काउंटिंगची बरीच गणितं सुटतात.

रिकामटेकडा
धागा गणिताचा होता की व्याकरणाचा? की म्हणतोय, किंवा नाही. ;)

शून्यापासून
सगळ्यांचे आभार, मी मधेच गायब झाले कारण ठिपके काढत बसले होते. तीन माणसांचं करून बघितलं. ज्याच्या २ ओळखी आहेत तो सगळ्यांना ओळखतो, आणि ज्याच्या ० आहेत त्याला कोणीच ओळखत नाही, मग २वाला ०वाल्याला ओळखणार कसा? एकाच खोलीत दोघं असूच शकत नाहीत! चारमध्येही तेच, ० आणि ३ची दुष्मनी.

मग लिहिलं ते असं: ओळखी ० ते एन-१. पण ० आणि एन-१ एकत्र येत नाहीत. म्हणून एन-१ काढून टाकू. उरल्या ० ते एन-२, म्हणजे एन-१ खुराडी. माणसं एन. म्हणून एका खुराड्यात दोघं. झालं!!

खरं सांगते, रात्री साडेबाराला एकटीच हसत होते.

तर्कटी
अभिनंदन, पण एक ओळ खटकतेय. 'एन-१ काढून टाकू' का म्हणून? एकत्र येत नाहीत म्हणजे एन-१ येतच नाही असं नव्हे. कदाचित ०च येत नसेल.

शून्यापासून
अरे देवा. सगळा उत्साह मावळला. :(

खडूफळा
मावळायला काय झालं? केम्पने १८७९ मध्ये चार रंगांच्या नकाशाच्या प्रश्नाची (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात रंगवायला चार रंग पुरतात) सिद्धता छापली होती, त्यातली चूक हीवुडने दाखवली १८९० मध्ये. अकरा वर्षं! तुमची चूक तासाभरात सापडली. आणि केम्पची युक्ती वाया गेली नाही, तीच वापरून हीवुडने पाच रंग पुरतात हे सिद्ध केलं. चारची सिद्धता १९७६ मध्ये आली, तीही कॉम्प्युटरच्या मदतीने. तुमचीही युक्ती शाबूत आहे, एक ओळ दुरुस्त करा.

शून्यापासून
बघा हं. खोलीत ०वाला कोणी असेल तर एन-१वाला नाही, मग शक्यता ० ते एन-२. आणि ०वाला कोणीच नसेल तर शक्यता १ ते एन-१. दोन्हीकडे खुराडी एन-१च. माणसं एन. आता?

तर्कटी
आता चोख. फक्त एन=१ असेल तर?

शून्यापासून
तुम्ही झोपता का हो कधी?

एन=१ ला दोन माणसंच नाहीत, मग विधानच खोटं. प्रश्नात 'किमान दोन माणसं' लिहायला हवं होतं.

थांबा. थांबा थांबा. बिट्टूचे घोडे! तिथेही हेच आहे ना? एकावरून दोनवर जाताना. दोन घोडे घेतले, शेवटचा काढला तर उरला पहिला, पहिला काढला तर उरला शेवटचा. 'मधले घोडे दोन्हीकडे आहेत' म्हणतो, पण दोन घोड्यांत मधला कुणी नाहीच! करार पुढच्या सगळ्या पायऱ्यांना चालतो, फक्त पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तुटतो, आणि तीच पायरी नसेल तर वर कोणी पोचतच नाही.

खडूफळा
बरोबर.

जुनाखोड
उरलेलं अर्धं विधानही मागे घेतलं. मुलीचा पुढच्या महिन्यात याच विषयाचा पेपर आहे, तिला हा धागा पाठवतोय.

बिट्टू
चला, शेवटी घोडं गंगेत न्हालं. रंग कुठला ते विचारू नका.